फुप्फुसातला ईएचई: निदान पक्कं करण्यापासून छातीतलं पाणी सांभाळण्यापर्यंत घरच्यांनी काय काय करायचं

आईचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यावरचं नाव मला धड वाचतापण येईना. एपिथेलिऑइड हेमँजिओएंडोथेलिओमा. मी सांगलीत मेडिकलच्या काउंटरवर अकरा वर्षं आहे, कॅन्सरच्या गोळ्या रोज हातातून जातात, पण हे नाव कधी कानावरून गेलं नव्हतं. डॉक्टर लोक ईएचई म्हणतात, मी पण तेच लिहितो. आता पावणेतीन वर्षं झाली आणि ज्यांच्या घरात हा कागद नुकताच आलाय त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय. औषध कुठलं आणि डोस किती हे तुमचे डॉक्टरच ठरवणार, त्यात मी पडत नाही, पण घरच्यांनी करायच्या, विचारायच्या, लक्ष ठेवायच्या गोष्टी इतक्या आहेत की त्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर आमचे बरेच महिने वाचले असते.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की हा नेहमीचा लंग कॅन्सर नव्हे. रक्तवाहिनीच्या आतून जे अस्तर असतं त्या पेशींचा हा कॅन्सर आहे, म्हणजे सार्कोमाच्या (हाड, स्नायू, रक्तवाहिन्या अशा ठिकाणच्या पेशींच्या कॅन्सरच्या) घराण्यातला. फुप्फुसात होतो, लिव्हरमध्ये होतो, हाडात होतो आणि पुष्कळ वेळा एकदमच दोन-तीन ठिकाणी दिसतो. बिडी-सिगारेटशी याचा संबंध लावत बसू नका, आमच्या आईने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही तरी लोकांनी विचारायचं सोडलं नाही. १९७५ साली डेल आणि लिबो या दोन डॉक्टरांनी फुप्फुसातल्या या गाठी पहिल्यांदा मांडल्या तेव्हा त्यांनापण वाटलं होतं की हा फुप्फुसाच्या पेशींचाच कॅन्सर आहे आणि तो रक्तवाहिन्यांत घुसलाय. पुढे १९८२ साली वाइस आणि एन्झिंगर यांनी ईएचई हे नाव दिलं आणि मग कळलं की फुप्फुसातला तो आणि हा एकच. वर्षाला दहा लाख लोकांत एखादा पेशंट सापडतो, तोसुद्धा कसाबसा. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाखांचा होता, आता तुम्हीच हिशोब करा, आपल्या डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकही केस बघितली नसेल तर त्यात त्यांचा काही दोष नाही. पण म्हणूनच प्रश्न आपल्याला विचारावे लागतात.

आमचं सुरुवातीला टीबीत अडकलं. आईला कोरडा खोकला आणि उजव्या कुशीत टोचल्यासारखं दुखायचं, सीटीत दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक गाठी पसरलेल्या. एका ठिकाणी बेडक्यात जंतू नसताना नुसता फोटो बघून टीबीच्या गोळ्या चालू केल्या आणि त्यात पाच महिने गेले, वजन उतरत गेलं, गाठी जिथल्या तिथे. आपल्याकडे टीबी इतका आहे की आधी तो संशय येणं बरोबरच आहे, मी ते चूक म्हणत नाही. पण बेडका निगेटिव्ह, सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधायची मशीनवरची तपासणी) निगेटिव्ह आणि दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी गाठींवर काही फरक नाही, असं असेल तर सरळ विचारा की डॉक्टर, तुकडा काढून तपासूया का. हे वाक्य मी पाच महिने उशिरा बोललो.

तुकडा सीटीत बघत सुईने काढतात किंवा छातीत दुर्बीण घालून, त्याला व्हॅट्स म्हणतात. सुईने कधी कधी इतकं थोडं मिळतं की पॅथॉलॉजीवाल्यांना काही सांगताच येत नाही, आमची पहिली सुई अशीच वाया गेली आणि मग व्हॅट्स करावी लागली, त्यामुळे पुन्हा करावं लागेल असं म्हणाले तर खचू नका. सुईनंतर छातीत हवा जमू शकते, त्या दिवशी आणि रात्री अचानक दम लागला किंवा छातीत कळ आली तर सकाळची वाट बघायची नाही. अजून एक बारीक गोष्ट, ऑपरेशनच्या आधीच विचारून घ्या: कॅन्सरच्या तपासणीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तो टिकवायच्या औषधात, जातो आणि टीबीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघायचा, तुकडा सलाईनमध्ये वेगळा जातो. सगळंच फॉर्मलिनमध्ये टाकलं तर कल्चर होत नाही आणि टीबी आहे का नाही हा घोळ परत डोक्यावर राहतो.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? नुसतं ट्यूमर लिहून भागत नाही. रक्तवाहिनीच्या पेशींच्या खुणा म्हणून सीडी३१, सीडी३४, ईआरजी ही नावं पॉझिटिव्ह असायला हवीत आणि सगळ्यात महत्त्वाचं कॅमटा१. या आजारात साधारण दहातल्या नऊ जणांत डब्ल्यूडब्ल्यूटीआर१ आणि कॅमटा१ हे दोन जीन एकमेकांना चिकटलेले सापडतात, उरलेल्या बहुतेकांत वायएपी१ आणि टीएफई३. ही तपासणी झालेली नसेल तर करून घ्या, कारण अँजिओसार्कोमा नावाचा याचा एक फार आक्रमक भाऊबंद आहे आणि त्याची ट्रीटमेंट वेगळी. नाव चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

त्यासाठी ब्लॉक आणि स्लाइड्स ताब्यात घ्या, तो तुमचा हक्क आहे. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या चपट्या चौकटीत बसवलेली मेणाची वडी, साबणाच्या चिपेएवढी, मधे तो तुकडा तपकिरी डागासारखा दिसतो, बाजूला पेन्सिलीने नंबर. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा काही क्षण नुसता बघत बसलो, आईच्या छातीतलं एवढंसं काहीतरी. मेणच आहे ते, एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. स्लाइड्स पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या स्लाइड-डबीतच न्या, कागदात गुंडाळून नेलेल्या फुटतात.

सेकंड ओपिनियन घ्याच. आम्ही परळला टाटा मेमोरियलला गेलो. कुठेही गेलात तरी सार्कोमा बघणाऱ्या टीमला एकदा तरी दाखवा, कारण लंगवाल्या ओपीडीत हा आजार नेहमीच्या चौकटीत बसत नाही. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी पकडली की सकाळी मुंबईत. रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, हॉस्पिटलकडून ठरलेला फॉर्म सही-शिक्क्यासह भरून आणला की स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. आम्हाला हे तिसऱ्या फेरीला कळलं. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवून. ॲडमिट झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो.

आता जे सगळ्यात अवघड गेलं ते. तिथे सगळं तपासून, छातीचा सीटी, लिव्हरचा एमआरआय, पेट स्कॅन, असं सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले की सध्या औषध नको, तीन महिन्यांनी परत स्कॅन करू. मी हादरलो. कॅन्सर आहे आणि औषध नको? घरी आलो तर आत्या म्हणाली, गरीब बघून हाकलून दिलं बघ तुम्हाला. पण ते तसं नसतं. हा आजार काहींच्यात वर्षानुवर्षं हलत नाही, थोड्या लोकांत आपोआप कमी झाल्याचीपण नोंद आहे, आणि काहींच्यात मात्र महिन्यांत पसरतो. तो कुठल्या चालीचा आहे हे स्कॅनमधलं अंतरच सांगतं. म्हणून त्रास नसेल, गाठी शांत असतील तर लक्ष ठेवून थांबणं हीच ट्रीटमेंट असते. गाठ एकच असेल तर ऑपरेशन करून काढतात, दोन्ही फुप्फुसांत पसरलेल्या असतील तर कापून उपयोग नसतो. आणि नातेवाइकांच्या दबावाखाली केमो मागून घेऊ नका, नेहमीच्या केमोचा या आजारावर फारसा जोर चालत नाही आणि पेशंट मात्र झडतो. आईचे पहिले सात महिने विनाऔषध चांगले गेले, पेरूच्या बागेत जात होती, भाच्याच्या लग्नात नाचली.

पण थांबायचं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. एक वही घाला. दर रविवारी सकाळी वजन, आठवड्यातून एकदा जिना चढून झाल्यावर ऑक्सिजन किती दिसतो ते, ताप आला तर तारीख, आणि झोपताना किती उशा लागतात. हो, उशा. छातीत पाणी होणं, ताप येत राहणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन घसरणं, बेडक्यात रक्त, न थांबणारं दुखणं, ही या आजारात चाल बदलल्याची लक्षणं आहेत, आणि त्यात छातीतलं पाणी सगळ्यात वरती. यातलं काहीही सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. अंगावर काढायचं नाही.

आमच्यात ते उशीवरूनच कळलं. एक उशी होती ती दोन झाली, मग एका रात्री आई म्हणाली, अजून एक दे रे, पाठ टेकली की गळा दाबल्यासारखं होतंय. सकाळी मिरजेला नेलं, एक्स-रेत उजवी बाजू अर्धी पांढरी. पाणी काढताना पेशंटला पलंगाच्या कडेला बसवून समोरच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ओणवं व्हायला सांगतात, पाठीत जागा बधिर करून सुई घालतात. मी समोर बसून तिचे हात धरले होते. नळीतून चहासारखं लालसर पाणी बाटलीत उतरत होतं आणि सिस्टर मधेमधे आकडा सांगत होत्या, तीनशे, सहाशे, नऊशे. एका वेळी साधारण एक ते दीड लिटरच्या वर काढत नाहीत, कारण दबलेलं फुप्फुस एकदम फुललं तर त्याला सूज येऊ शकते. मधेच जोराचा खोकला किंवा छाती आवळल्यासारखं वाटलं तर पेशंटने लगेच सांगायचं, दम धरून सोसायचं नाही. आईला वाटत होतं बोललं तर सुई हलेल, म्हणून गप्प होती, नंतर सांगितलं. तुम्ही आधीच समजावून ठेवा. ते पाणी टाकून देऊ नका म्हणावं, त्यात पेशी, प्रोटीन, एलडीएच आणि टीबीसाठी एडीए तपासतात.

एकदा काढून पाणी थांबत नाही बऱ्याचदा. परत परत भरायला लागलं की दोन रस्ते असतात. एक प्लुरोडेसिस, म्हणजे पाणी काढून पोकळीत टाल्क पावडर सोडतात आणि फुप्फुस छातीच्या आतल्या बाजूला चिकटवून टाकतात, पाण्याला जागाच उरत नाही. त्यानंतर एक-दोन दिवस ताप आणि चांगलंच दुखतं, दुखण्याचं औषध आधीच मागून घ्या. पण पाणी काढल्यावर फुप्फुस पूर्ण फुलत असेल तरच हे जमतं, या आजारात छातीचं आवरण जाड होऊन फुप्फुस अडकून बसलेलं असू शकतं, तेव्हा चिकटणार कसं? मग दुसरा रस्ता, छातीत कायमची बारीक मऊ नळी बसवायची आणि घरीच ठरलेल्या दिवशी बाटली लावून पाणी काढायचं. आमच्याकडे हीच आहे. शिकायला तीन दिवस लागले. हात साबणाने धुवायचे, ग्लोव्ह्ज निर्जंतुक पाकिटातलेच, टोपण स्पिरिटने पुसायचं, पंखा बंद, पोरांना खोलीबाहेर. अंघोळीला ड्रेसिंगवर वॉटरप्रूफ चिकटपट्टी, नदीवर किंवा विहिरीत डुंबणं बंद. नळीभोवती लाल झालं, पू आला, ताप आला किंवा पाणी गढूळ झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

पाणी झाल्यावर आईला सिरोलिमस सुरू झालं. गंमत बघा, ही गोळी मी किडनी बदललेल्या पेशंटना कितीतरी वर्षं देत आलोय, तीच आता घरात आली. २०२१ साली वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी ईएचईवर एकमताने जो कागद काढला त्यात वाढणाऱ्या आजारासाठी हे औषध पुढे ठेवलंय. गाठी वितळवून टाकेल अशी आशा धरू नका, बहुतेक वेळा ते आजाराला रोखून धरतं आणि पाणी, दुखणं कमी करतं, आमच्यात आठवड्याला तीनदा काढावं लागणारं पाणी दहा दिवसांतून एकदावर आलं. त्याने नाही भागलं तर पॅझोपॅनिब, इंटरफेरॉन, आठवड्याचं पॅक्लिटॅक्सेल असे इतर पर्याय डॉक्टरांकडे असतात.

सिरोलिमस प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळे सुरू करायच्या आधी लपलेल्या टीबीची आणि कावीळ बीची तपासणी, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन, आणि फ्लू व न्यूमोनियाच्या लसी याबद्दल विचारा. जिवंत लस, म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत जंतूंची, मात्र चालत नाही. गोळी रोज एकाच वेळी आणि एकाच पद्धतीने, जेवणासोबत तर रोज जेवणासोबत. रक्तातली पातळी तपासायला जाल तेव्हा त्या सकाळची गोळी घ्यायची नाही, आधी रक्त द्यायचं. आई गोळी पदराच्या गाठीत बांधून लॅबच्या बाकावर बसते, सुई निघाली की लगेच गाठ सोडते. एकदा सवयीने घरीच गोळी घेतली गेली, आकडा भलताच वर आला आणि उगीच डोस कमी झाला. अशी चूक झाली तर लॅबमध्ये सांगून टाका आणि दुसऱ्या दिवशी या.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट, हे नीट वाचा. या गोळीचं बऱ्याच औषधांशी वाकडं आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, म्हणजे घसा आणि गजकर्णासाठी सर्रास लिहिलं जाणारं, यांनी तिची पातळी वाढते. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन पातळी पार पाडून टाकतं. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातीचं पपनस खायचं नाही. आणि सांगलीत राहून हळदीचा काढा कुणी सुचवला नाही असं होणार नाही, आम्हाला तर मार्केट यार्डातल्या ओळखीच्यांनी पोतंभर सल्ले दिले. भाजी-आमटीतली हळद खुशाल घाला, पण अर्काच्या कॅप्सूल, काढे, कुणाची तरी पुडी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कुठल्याही दुकानात गेलात तरी आधी सांगा की सिरोलिमस चालू आहे, खोकल्याच्या औषधालासुद्धा.

तोंड येतं, हे जवळपास ठरलेलंच. कांदा-लसूण मसाला, ठेचा काही महिने बाजूला, दहीभात, लापशी, गार ताक, मऊ ब्रश. डॉक्टर गुळण्यांचं औषध लिहून देतात, ते तोंड फुटायची वाट न बघता मागा. कोलेस्टेरॉल आणि साखर वाढते, ती औषधाने आवरते. जखम लवकर भरत नाही, म्हणून दात काढायचा असला तरी आधी कळवा. तरुण पेशंट असेल तर गोळी चालू असताना दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्या, हे बोलायला संकोच करू नका. आणि नवीन कोरडा खोकला, दम, ताप आला तर आजारच वाढला असं धरून चालू नका, ही गोळी स्वतःच फुप्फुसाला सूज आणू शकते, गोळी थांबवायची का ते त्याच दिवशी विचारायचं.

रक्त पडणं. बेडक्यात दोऱ्यासारखं लाल दिसलं तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा आणि घरातल्या ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अंगदुखीच्या गोळ्या याबद्दल विचारा. चमचा-चमचा ताजं रक्त येत असेल तर १०८ लावा, आणि तोवर ज्या बाजूचं फुप्फुस जास्त खराब आहे त्याच कुशीवर झोपवा, म्हणजे चांगल्या बाजूत रक्त उतरत नाही. हे उलटं वाटतं, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात बाजू लिहून ठेवा. रक्तवाहिनीतून नळी घालून रक्त देणारी नस बंद करतात, एम्बोलायझेशन म्हणतात त्याला, ते जवळ कुठे होतं याची चौकशी गरज पडायच्या आधी करून ठेवा. तसंच पाठ दुखत असताना पायांतली ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर तो मणक्याचा मामला असू शकतो, त्याच दिवशी एमआरआय.

दुखण्यासाठी मॉर्फिन लिहिलं की लोक घाबरतात, माझ्या काउंटरवर कुजबुजत मागतात, जणू शेवटच आला. तसं काही नाही. आई दोन वेळा घेते आणि भाकरी थापते. फक्त पहिल्या दिवसापासून पोट साफ व्हायचं औषध जोडीला पाहिजे.

ऑक्सिजनचं मशीन आणलं तर गॅसची शेगडी, उदबत्ती आणि देवघरातली समई यांच्यापासून लांब. आमच्याकडे देवघर आईच्याच खोलीत होतं, ते बाहेर माजघरात हलवलं, तिने तीन दिवस तोंड फिरवलं पण हलवलं. लाइट गेली तर म्हणून छोटा सिलिंडर भरलेला ठेवा. आणि उसाच्या तोडी सुरू झाल्या की शेजारच्या रानात पाचट पेटवतात, संध्याकाळी तो धूर खाली बसतो. दारं लावून घ्या, आणि शेजाऱ्याला आधीच भेटून सांगा, आमच्या शेजाऱ्यांनी यंदा पाचट जाळलं नाही, रानातच कुजवलं.

स्कॅनचं शेवटचं एक. दर वेळी रिपोर्टवर लिहून येतं, मागच्या तुलनेत विशेष बदल नाही. आजार हळू वाढणारा असल्यामुळे तीन-तीन महिन्यांचा फरक मिलिमीटरचा असतो आणि तो नजरेतून सुटतो. म्हणून रेडिओलॉजीवाल्यांना सांगायचं की मागच्या स्कॅनशी ताडा आणि अगदी पहिल्याशीपण ताडा. आमच्यात ते केलं तेव्हाच कळलं की डावीकडची गाठ दीड वर्षात सहा मिलिमीटरची अकरा झालीय. आईचा पुढचा सीटी सोमवारी आहे, पहिल्या स्कॅनची सीडी मी आत्ताच पिशवीत टाकली.